दुभाषीने मध्ये बोलू नये

१२ जानेवारी

धाकटे,

फोन आपटलास. आपट. पत्र आपटता येत नाही, फार तर फाडता येतं. आणि फाडायच्या आधी तू ते वाचणार, कारण पत्रं वाचायची खोड तुला शाळेपासून आहे, आणि तेव्हा तर ती दुसऱ्यांची असायची.

तू म्हणालीस, "त्या किंचाळणाऱ्यांच्या हॉलमध्ये माझ्या लेकीला नेलंस तर माझं तोंड बघू नकोस." बरं. नाही बघत. पण माझी बाजू न ऐकता निकाल देणारी तू कोण? मी तीसेक वर्षं कोर्टात दुभाषी म्हणून उभी राहिले. तिथे खुनी माणसालाही बोलू देतात.

तर ऐक. बातमी अशी आहे की परवापासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही. आमच्याकडे बाहेरून एक मोठे प्रचारक येतायत. तीन रविवार, तीन सभा. ते इंग्रजीत बोलणार आणि त्यांच्या शेजारी माईक धरून वाक्यागणिक आपल्या भाषेत सांगणार मी. निवृत्त झाल्यापासून लोक मला विचारतात ते गुडघ्यांबद्दल. परवा पास्टर घरी आले आणि म्हणाले, तुमच्यासारखं इंग्रजी आमच्यात कोणाचं आहे? मी अगदी नम्रपणे म्हटलं, कोणाचं नाही.

तुझ्या डोक्यात हॉलचं काय चित्र आहे देव जाणे. फर्निचरच्या दुकानावरचा मजला. पूर्वी तिथे बॅडमिंटन खेळायचे. जमिनीवरच्या पांढऱ्या रेघा अजून आहेत आणि आमचे लोक नकळत त्या रेघांच्या आतच खुर्च्या लावतात. पास्टर आधी वायरमन होते. अजून त्यांच्या खिशात टेस्टर असतो. ड्रम वाजवणारा दिवसा दातांचा डॉक्टर असतो, त्यामुळे ठोकाठोकीची सवय आहे. मला तिथे सगळे 'सिस्टर' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून हात मागे घेतला होता. तू आणि मी जिथे शिकलो तिथे सिस्टर म्हणजे हातात फूटपट्टी.

मदर सुपिरियर म्हणायच्या, देव बहिरा नाही, हळू बोला. मी चाळीसएक वर्षं हळू बोलले. मग हे झालं, आणि ते तुला तोंडावर सांगता आलं नसतं म्हणून लिहिते.

जन्मभर मी दुसऱ्यांचं बोलले. "मी त्याला मारलं नाही" असं मी शेकडो वेळा शपथेवर म्हटलंय, आणि "मीच मारलं" असंही. निवृत्त झाल्यावर घरी येऊन चहा टाकला आणि लक्षात आलं की माझ्या तोंडात माझं म्हणून एक वाक्य नाही. देवापुढेसुद्धा पाठ केलेलं म्हणायचे. आणि त्या हॉलमध्ये एका दुपारी डोळे मिटून उभी असताना जिभेवर काहीतरी आलं. शब्द नव्हते ते, आणि होतेही. हॉलमध्ये याला 'अन्य भाषेत बोलणं' म्हणतात. विचार कर, आयुष्यात पहिल्यांदा मी बोलत होते आणि याचा अर्थ काय असं मला कोणी विचारत नव्हतं. मी बोलत राहिले, रडत राहिले, मग नाक पुसलं, घरी आले आणि चादरी भिजत घातल्या. वेड लागलेली बाई चादरी भिजत घालत नाही.

पडले मात्र एकदाच. आमच्याकडे प्रार्थनेत आत्मा उतरला की लोक मागच्या मागे कोसळतात, तेव्हा त्यांना धरायला झेलणाऱ्या बायका उभ्या असतात, हातात चादर घेऊन. पडलेल्या बाईचे पाय झाकायला. मी बजावून ठेवलं होतं की मी पडणाऱ्यांतली नाही, माझ्यामागे कोणी उभं राहू नका. त्यांनी ऐकलं. पुढचा आठवडाभर बसताना उशी लागत होती. हस.

तुझी लेक मजेत आहे. माझ्या मागच्या खोलीत तिने खिडकीजवळ पलंग सरकवून घेतलाय. चष्म्याच्या दुकानात तिला आता काचा घासायच्या यंत्रावर बसवतात, म्हणजे मालकाचा विश्वास बसला. जेवते, झोपते, फिटच्या गोळ्या घेते. कॉलेजपासून एकदाही फिट आलेली नाही, हे तुलाही माहीत आहे. ती हॉलमध्ये येते का, हे तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं आणि आता टपाल निघायची वेळ झाली.

तुझी
थोरली


१९ जानेवारी

धाकटे,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. येते. तुझी लेक हॉलमध्ये येते, तिसऱ्या रांगेत बसते आणि माझ्यापेक्षा मोठ्यांदा गाते. मी नेलं नाही. एक दिवस माझी छत्री द्यायला आली आणि राहिली. कमावत्या मुलीला मी काय कोंडून ठेवू? तू तिला जन्मभर औषधांच्या दुकानात वाढवलंस. तिला वाटतं जगात दुकानापलीकडेही काहीतरी असावं, तर तो तुझ्या दुकानाचा अपमान नाही.

आता कालची सभा. बस आणि वाच, उभ्याने वाचू नकोस.

प्रचारक उंच, पांढरे बूट, आवाज असा की दुखणाऱ्या दाढेवर लवंग. लबाड असता तर सोपं होतं. माणूस मनापासून बोलतो. त्याच्या बायकोला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, आणि ती बरी झाली. त्या दिवसापासून त्याला वाटतं की सगळ्यांच्या बायका तशाच बऱ्या होणार, आणि न झाल्या तर नवऱ्यांचा विश्वास कमी.

सुरुवातीला काय सांगू. तो वाक्य टाकायचा, मी झेलायचे. तो हात वर करायचा, माझा हात आपोआप वर. कोर्टात मी खुर्चीवर खिळ्यासारखी बसायचे. काल माझा पदर कमरेला खोचलेला होता आणि घाम निथळत होता. म्हाताऱ्या घोड्याला बँड ऐकू आला तसं झालं. हॉल भरलेला, जिन्यातही लोक.

मग तो म्हणाला, आज घरी गेलात की तुमच्या गोळ्या कचऱ्यात टाका. गोळीवर विश्वास म्हणजे प्रभूवर अविश्वास.

माझ्यासमोर पहिल्या रांगेत शिवणकामवाली बाई बसली होती. तिचा फ्रिज बंद पडलाय म्हणून तिचं इन्सुलिन माझ्या फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी असतं. तिच्यामागे तुझी लेक. माझं काम एवढंच की ऐकलेलं सांगायचं. काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, दुभाषीने मध्ये बोलायचं नाही. मी तोंड उघडलं, आणि त्यातून आलं, "आज घरी गेलात की प्रार्थना करून आपल्या गोळ्या वेळेवर घ्या. औषधही प्रभूच्याच हातून येतं."

लोक म्हणाले, हालेलुया. पाहुण्या प्रचारकांना वाटलं, आपल्या वाक्याला. ते खूश झाले आणि आणखी जोरात म्हणाले, टाका. मी आणखी जोरात म्हणाले, घ्या. ते टाका, मी घ्या, लोक हालेलुया. सभा संपल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, असं भाषांतर मी कुठल्याच देशात ऐकलं नाही. यात मात्र ते अगदी खरं बोलले.

मी आतल्या आत हसत जिना उतरले. तुझी लेक हसत नव्हती. तिचं इंग्रजी चांगलं आहे हे मी विसरलेच. रस्त्यावर दिव्याच्या खांबाजवळ थांबून म्हणाली, "मावशी, तू खोटं सांगितलंस."

मी म्हटलं, मी शहाणपणाचं सांगितलं.

"कोर्टात असं केलं असतंस?"

"कोर्टात नोकरी गेली असती."

"मग इथे काही गेलं नाही असं वाटतं तुला?"

मी तिला चपलेचा पट्टा नीट लाव म्हणून रागावले. घरापर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालली. काळजी करू नकोस, गोळ्या घेते. पाकीट रोज रिकामं होताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघते.

थोरली


३ फेब्रुवारी

धाकटे,

ती बरी आहे. जागी आहे, पेज प्यायली, नर्सला तिच्या चष्म्याची फ्रेम वाकडी आहे म्हणून सांगत होती. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू श्वास घेऊन वाचशील.

दवाखान्यातून फोन केला तेव्हा तू मला वॉर्ड कुठला एवढं विचारलंस आणि नंतर फक्त डॉक्टरांशी बोललीस. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, त्यात शिव्या आणखी घातल्या असत्या. काय झालं ते डॉक्टरांना माहीत नाही. मला आहे.

दुसऱ्या रविवारी पाहुण्यांनी गोळ्यांचा विषय काढलाच नाही. मला वाटलं, टळलं. परवाची तिसरी सभा. शेवटी प्रार्थनेसाठी लोक पुढे आले, रांग लागली, मी स्टेजवर पाहुण्यांच्या उजव्या हाताला. तुझी लेक रांगेत होती. पाहुणे अजून तिच्यापर्यंत पोचलेही नव्हते. आणि तो आवाज आला. घशातून येतो तो. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्या हॉलमध्ये तिसऱ्या कोणाला माहीत नव्हता.

ती मागे गेली. झेलणाऱ्या बायकांनी झेललं, आणि काय सुंदर झेललं, डोकं जमिनीला लागू दिलं नाही. भुवई मात्र खुर्चीच्या कडेला लागून फाटली. लगेच पायांवर चादर घातली. हात थाडथाड उडत होते, डोळे वर गेलेले. आणि सगळा हॉल हात वर करून स्तुती करायला लागला. कीबोर्डवाल्याने सूर चढवला. लोक रडत होते, आनंदाने. धाकटे, त्या लोकांना दोष देऊ नकोस. ते दर रविवारी कोणाला तरी तसं पडताना बघतात. त्यांना वाटलं, आत्मा उतरला.

पाहुणे म्हणाले, हिला कोणी हात लावू नका, प्रभू हिचं ऑपरेशन करतोय. आणि वळून माझ्याकडे बघितलं, सांग म्हणून. सगळा हॉल माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी तसंच्या तसं सांगितलं. "पाहुणे म्हणतात, हिला कोणी हात लावू नका, प्रभू हिचं ऑपरेशन करतोय." एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग माईक तसाच तोंडाशी धरून म्हणाले, "हे झालं त्यांचं. आता माझं. ही माझ्या बहिणीची मुलगी आहे आणि तिला फिट आलीय. तिला दाबून धरू नका. थरथर थांबली की कुशीवर वळवा. डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काही घालू नका. कीबोर्ड बंद करा आणि कोणीतरी गाडी बोलवा."

कीबोर्ड बंद झाला. कोणी हलेना. मग शिवणकामवाली बाई उठली, स्वतःची शाल गुंडाळून तिच्या डोक्याखाली सरकवली, आणि दातांचा डॉक्टर ड्रमवरून उडी मारून आला. पाहुणे माझ्या कानाशी लागले, सिस्टर, अविश्वास बोलू नका. मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं की आपली कृपा असेल तर आपण आता गप्प बसावं. कर्म, क्रियापद, 'प्लीज', सगळं जागच्या जागी. नन लोकांनी शिकवलेलं व्याकरण कधी कामी येईल सांगता येत नाही.

एक झटका तिथे, दुसरा गाडीत. दवाखान्यात सुई दिल्यावर शांत झाली. रक्त तपासलं. औषध रक्तात जवळजवळ नव्हतंच. पाकीट मी बघत होते, गोळी कुठे जाते हे बघत नव्हते. ती रोज बेसिनमध्ये जात होती.

काल शुद्धीवर आल्यावर मी ओरडणार होते. तयारी करून ठेवली होती. पण तिच्या भुवईवर टाके बघितले आणि फक्त विचारलं, का गं?

म्हणाली, "तू कधी कोणाचं वाक्य बदलत नाहीस, मावशी. हे एकच बदललंस. मला वाटलं, तुला ते सांगायची भीती वाटली, म्हणजे त्यात खरंच ताकद असणार."

त्या पोरीला त्या माणसाने गंडवलं नाही. मी पहिल्याच दिवशी त्याचं वाक्य खणखणीत सांगून त्याच दमात म्हटलं असतं की हे मला पटत नाही, तर ती माझ्याशी भांडली असती. भांडण मला जमतं. दोन दिवसांत मी जिंकले असते. मी शहाणपणा केला आणि शहाणपणाशी कोणाला भांडता येत नाही.

तू शिव्या देणारच आहेस. लवकर दे, वाट बघवत नाही.

थोरली


९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पार्सल आलं. आत शिव्या नाहीत, चिठ्ठी नाही, फक्त गोळ्या, आणि पाकिटावर तुझ्या अक्षरात 'नाश्त्यानंतर, रिकाम्या पोटी मुळीच नाही'. त्यातला 'मुळीच' अधोरेखित. तुझ्या लेकीने ते वाचलं आणि म्हणाली, आई बोलली. मग दोघींनी नाश्ता केला.

ती घरी आली आहे. दुकानाच्या मालकाने तिला यंत्रावरून उठवून समोर काउंटरवर बसवलंय, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. ती चिडलीय, म्हणजे बरी होतेय.

शनिवारी पास्टर आले. पाहुणे गेले, जाताना म्हणाले म्हणे की तुमची दुभाषी बंडखोर आहे. पास्टर बराच वेळ टेस्टर या खिशातून त्या खिशात करत बसले. मग म्हणाले, काही लोक नाराज आहेत, आत्म्याच्या कामात तुम्ही मध्ये बोललात असं त्यांना वाटतं. रविवारी तुम्ही एवढंच म्हणा की मी घाबरले होते.

मी घाबरले होते? मी म्हटलं, पास्टर, मी गुंडांच्या बाजूने, गुंडांच्या विरुद्ध, आणि एकदा तर दोन्ही बाजूंनी बोललेली बाई आहे. घाबरला होता तुमचा हॉल, खरं काय ते बघायला. उचलली जीभ लावली टाळ्याला असं मी कधी केलं नाही. ज्या एका दिवशी केलं त्याची किंमत त्या खोलीत झोपलीय. आणखी पुष्कळ बोलले, ते तुला लिहीत नाही, तू पास्टरची बाजू घेशील.

तेवढ्यात तुझी लेक दारात. भुवईवर पट्टी, हातात माझा जुना स्वेटर. म्हणाली, "मला देव हवाय आणि झटका नकोय. दोन्ही मागितलं तर जास्त होतं का?"

पास्टर उठून उभे राहिले, परत बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी मलाही वाटलं, आत्माच आहे. मी सगळ्यात उंच हात वर केले होते."

हे ऐकून माझा उरलेला सगळा दारूगोळा भिजला. चहा करायला उठले. मोठी माणसं चूक सांगताना आधी दोन कारणं सांगतात. या वायरमनने एकही सांगितलं नाही.

आता मला विचारशील, मग सोडलंस का ते सगळं? तुला खरं सांगते, सोडायला निघाले होते. गुरुवारी सकाळी इथल्या जुन्या शांत चर्चमध्ये जाऊन बसले, आपण लहानपणी जायचो तसल्या. मेणाचा वास, पॉलिश केलेले बाक, कोणी जांभईसुद्धा मोठ्याने देत नाही. फार बरं वाटलं. वाटलं, हे ठीक आहे, इथे कोणी कोणाचं ऑपरेशन करत नाही. घरी आले, भाजी चिरायला घेतली. नळ चालू होता. आणि जिभेवर ते आलं. हॉल नाही, ड्रम नाही, कोणाचा हात डोक्यावर नाही. मी आणि दुधी भोपळा. मी चिरत राहिले आणि ते बोलत राहिले, आणि इतका आनंद झाला की सुरी खाली ठेवावी लागली, बोट गेलं असतं.

तेव्हा कळलं की हे हॉलने दिलेलं नाही आणि पाहुण्यांनी तर नाहीच. त्यामुळे हॉल काढून घेऊ शकत नाही, आणि हॉलची प्रत्येक गोष्ट खरी मानायची सक्तीही माझ्यावर नाही. इतकी साधी गोष्ट. माझ्या वयाच्या बाईला भोपळा चिरताना कळावी. मग मी हात धुतले, गोळी आणि पाण्याचा पेला नेऊन तिच्यासमोर ठेवला, आणि ती गिळेपर्यंत हलले नाही. प्रार्थना अजून ओठांवरच होती. एकीचा दुसरीला काही त्रास झाला नाही.

पास्टरना मी रविवारी येईन म्हणून सांगितलंय. घाबरले होते असं म्हणणार नाही. अट एकच घातली: झेलणाऱ्या बायकांना आधी शिकवा, पडणं कुठलं आणि फिट कुठली.

थोरली


१६ फेब्रुवारी

धाकटे,

हे लिहिताना पेन पळतंय, अक्षर लागलं नाही तर इथे आल्यावर लेकीकडून वाचून घे. तू शनिवारी येतेयस असं ती म्हणाली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि लगेच उशांचे अभ्रे बदलले.

काल मी हॉलमध्ये मागे बसले. काही लोकांनी नमस्कार केला, काहींना अचानक पंख्यांत काहीतरी दिसलं. गाणी झाली, मग साक्ष द्यायची वेळ. आमच्याकडे ज्याला प्रभूने काही दिलं तो उभा राहून सांगतो. सुरुवात ठरलेली, "प्रभूची स्तुती असो", शेवट ठरलेला, "आणि मी बरा झालो". मग सगळे हालेलुया म्हणतात.

तुझी लेक उठली. मला काही सांगितलं नव्हतं. दोन रेघांच्या मधून चालत पुढे गेली, माईक घेतला.

"प्रभूची स्तुती असो," ती म्हणाली. "मी बरी झालेले नाही."

हॉलची पंचाईत. हालेलुया अर्ध्या तोंडात अडकलं. याला काय म्हणायचं हे कोणाला शिकवलेलंच नाही.

"मला लहानपणापासून फिट येते. मी गोळ्या टाकल्या म्हणून आली. ज्यांनी मला झेललं त्यांचे आभार, चादर घातली त्यांचेही, तुम्हाला माहीत नव्हतं. मला तुमची प्रार्थना हवीय. पण गोळी घेऊन हवीय. दोन्ही इथे चालत नसेल तर आताच सांगा, मी दुसरीकडे जाते. देव तिकडेही असेल."

तिने माईक दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी उठणार होते. गुडघ्याने आणि अकलेने, दोघांनी मिळून मला बसवलं. दोन कुटुंबं उठून निघून गेली, खुर्च्यांचा आवाज करत. पास्टर खाली मान घालून उभे. मला वाटलं, संपलं, आता ही पोर या देवालाही मुकणार आणि त्या देवालाही.

तर शिवणकामवाली बाई उभी राहिली. माईक नव्हता, तिला लागत नाही. "प्रभूची स्तुती असो. मला शुगर आहे. माझं इन्सुलिन या बाईंच्या फ्रिजमध्ये असतं." आणि बसली. कोणीतरी फिसकन हसलं. मग दातांचा डॉक्टर ड्रममागून म्हणाला, प्रभूची स्तुती असो, मी झोपेची गोळी घेतो. मग एक झेलणारी बाई, तिला थायरॉईड. मग तिची सासू, तिला सून. आता लोक उघड हसत होते.

आणि मग खालच्या फर्निचरच्या दुकानाचे म्हातारे मालक उठले. यांनी मागच्या वर्षी साक्ष दिली होती की माझे कान उघडले. केवढा जल्लोष झाला होता, मीही टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कानाचं यंत्र काढलं, सगळ्यांसमोर कानात घातलं, चाक फिरवलं. म्हणाले, "वर्षभर खिशात ठेवून येतोय. पास्टर, तुमचं एकही प्रवचन मी ऐकलेलं नाही." मग ड्रमकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही जरा हळू."

धाकटे, त्यानंतर जो हालेलुया झाला तो तू कधी ऐकला नाहीस. मीही नाही. लोक हसत होते, डोळे पुसत होते, एकमेकांना आपापली दुखणी सांगत होते, जणू लग्नघरात ओळखी निघतायत. एवढी वर्षं शेजारी बसून कोणाला कोणाचं काही माहीत नव्हतं, कारण सगळे बरे झालेले होते.

पास्टर पुढे आले. तुझ्या लेकीला म्हणाले, हात ठेवू का? आमच्याकडे आजपर्यंत कोणी हे विचारलं नव्हतं, थेट ठेवायचे. ती हो म्हणाली. मागे दोन बायका उभ्या राहिल्या. ती पडली नाही. डोळे मिटून उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तुला लिहून सांगू शकत नाही. जन्मभर दुसऱ्यांचं सांगितलं, हे नाही जमत. शनिवारी तूच बघ, अजून पुसलेलं नाही.

मग पास्टरनी मला पुढे बोलावलं. पाहुणे नाहीत, भाषांतराला काही नाही. म्हणाले, आज तुमचं काहीतरी बोला. तुझी ही जिभेची तलवार स्टेजवर गेली, माईक घेतला, आणि शब्द फुटेना. समोर सगळी ही माणसं, खिशात गोळ्या, कानात यंत्रं, डोळ्यांत पाणी. शेवटी म्हणाले, "ज्यांना शुगर आहे त्यांनी मागे जाऊन आधी दोन बिस्किटं खाऊन या. आज प्रार्थना लांबणार आहे."

आणि लांबली. मी त्यांच्यात उभी राहून माझ्या त्या अर्थ नसलेल्या भाषेत इतकं बोलले की घसा अजून बसलेला आहे. बिस्किटं मात्र पुरली नाहीत.

तुझी लेक बरी झाली का? नाही. आज सकाळी नाश्त्यानंतर गोळी घेतली. उद्याही घेईल. मी रोज तिच्या डोक्यावर हात ठेवून मागते, आणि मागायची थांबणार नाही, तू शनिवारी येऊन दारात उभी राहिलीस तरी. हॉलमध्ये चल असं मी म्हणणार नाही. पण कधी काळी त्या डॉक्टरांनी, त्यांनीच, मी नाही आणि पास्टर नाही, कागद बघून गोळी कमी केली, तर मी असा टाहो फोडीन की तुझ्या दुकानातल्या सगळ्या बाटल्या खणखणतील. तेव्हा कानात बोटं घालायची नाहीत. तुलाही ओरडावं लागेल.

थोरली